टाचेची शिवण

"टाचेला शिवण आहे," तो म्हणाला.

मुलीने खोक्यातून काढलेला कृत्रिम पाय त्याने दिव्याखाली धरला होता. चष्मा कपाळावर चढवून तो शिवणीवरून नख फिरवत होता. साखरेच्या आजारात पाय गमावलेली त्याची बायको पलंगाच्या कडेला बसून त्या नव्या पायाकडे कौतुकाने पाहत होती.

"अहो, जरा लांबून बघा की. अगदी पायच आहे. मला तर आवडला बाई."

"रंग जमत नाही. घोट्याशी फुगलाय. दुय्यम माल आहे हा."

"बाबा, हा कप नाहीये!" मुलगी चिडली.

कपांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. कप उचलायचा, फिरवायचा, काठावरून नख न्यायचं; नख अडकलं की कप बाद. अख्खा कप त्याला कधी दिसतच नसे, चरा तेवढा दिसे. घरातही नावं ठेवल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. "लग्नाआधी भेटले तेव्हा यांनी आधी माझ्या दातांतली फट पाहिली," असं बायको हसून सांगायची. त्या दिवशी मात्र ती हसली नाही. तिने पाय मांडीवर घेतला आणि टाच उलटी करून पाहिली.

"ठेव गं कपाटात," ती मुलीला म्हणाली. "आता मलाही शिवणच दिसते."

त्यानंतर त्याने तिला कधी उभं पाहिलं नाही. तो कामावरून आला की ती पलंगावरच असे. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलेलं असे. मुलगी येऊन गेली असेल, असं तो धरून चाले. "एकदा लावून तर बघ," हे ओठांवर यायचं आणि राहून जायचं. पुढच्या हिवाळ्यात ती गेली.

कपाट आवरताना मुलीने पाय बाहेर काढला.

"कुणाला तरी देऊन टाकू, बाबा. आईने एकदाही लावला नाही."

"तू कुंड्यांना पाणी घालायला यायचीस, तेव्हाही नाही?"

"मी? रविवारी तुम्ही घरी असताना यायचे तेवढीच."

तो उठला. पाय घेऊन खिडकीशी गेला. सवयीनेच तो उलटा केला. तळवा मळून काळा पडला होता. आपल्या नजरेला भिऊन ती आपण घरी नसताना एकटीच चालत होती, हे त्याला आता कळलं.

त्याने टाचेवरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. ते कुठेच अडकलं नाही.