खजुराच्या दोन बिया

संस्कृतीचं हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी आहार सुधारून बघू, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. पालेभाजी, डाळी, नाचणी असं बरंच सांगितलं त्यांनी. मी धरून बसले ते सुकामेव्याला. दहा काळ्या मनुका, एक अंजीर, दोन खजूर. रात्री भिजवायचं, सकाळी स्टीलच्या डबीत भरायचं.

संस्कृती सहा वर्षांची. ती बाराला शाळेतून येते, मी सहाला चिकलठाण्याच्या कंपनीतून. मधल्या वेळात ती सासूबाईंजवळ. लेकरं खाणं टाकून देतात म्हणून मी तिला बजावलं होतं, खजुराच्या बिया डबीतच ठेवायच्या. संध्याकाळी पर्स खांद्यावर असतानाच मी डबी उघडायचे. रोज बरोबर दोन बिया. "सगळं खाल्लं?" "हो मम्मी." मी तिचा पापा घ्यायचे.

दोन महिन्यांनी आकडा आणखी खाली गेला होता. डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं, खजूर आवडतो का. संस्कृती म्हणाली, "पप्पा खातात ना."

सोमनाथ शेजारच्याच खुर्चीत होता. तो मोबाईल बघायला लागला.

घरी येताना मी संस्कृतीकडून सगळं काढून घेतलं. उस्मानपुऱ्यात त्याचं दुकान घराखालीच, दुपारी जेवायला वर येतो. जेवण झालं की सासूबाई डबी त्याच्यापुढं सरकवायच्या. तो खायचा आणि बिया परत डबीत टाकायचा. मला काय सांगायचं, हे संस्कृतीला शिकवलेलं होतं.

मी सासूबाईंना विचारलं, का. त्या लसूण सोलत होत्या, हात थांबला नाही.

"उन्हाळ्यात खजूर लई गरम. चौथ्याच दिवशी लेकराचा घोळणा फुटला. तू हापिसात हुतीस. रगत म्या पुसलं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस व्हय? मोबाईलमधलं वाचून दाखवलं असतंस."

ते खरंही असेल. पण माझ्या मुलीच्या नाकातून रक्त आलं आणि दोन महिने मला पत्ता नव्हता. मी सोमनाथकडं पाहिलं. तो म्हणाला, घरात भांडण नको म्हणून गप्प बसलो. मग हळूच म्हणाला, "फेकून देण्यापेक्षा खाल्लेलं बरं ना, तनू."

मला लाडानं तनू म्हणाला म्हणून जास्त राग आला.

नोकरी सोडता येत नाही. पाळणाघराची चौकशी केली, तिथं जूनपर्यंत जागा नाही. म्हणजे उद्याही ती आजीजवळच.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी तिला समोर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं लोहाचं औषध चमच्यानं पाजलं, वर चार मनुका हातानं भरवल्या. तिनं चावल्या, गिळल्या, म्हणाली, "खाल्लं मम्मी."

पहिल्यांदाच मी म्हणाले, "आ कर बघू."

तोंड उघडायच्या आधी तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं, आजीकडं पाहिलं.