शेतीचा खेळ, बोटींचा खेळ

माझ्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी आमचा खेळ बंद पडला. दोन्ही बाळं अशक्त होती, म्हणून लेक चार महिने माझ्याकडेच राहिली होती. तिची थोरली मुलगी, माझी नात, कॉलेजात जाणारी, तीही आली. दोन खोल्या, दोन पाळणे, दोरीवर लंगोटांची रांग आणि एक पाळणा गप्प झाला की दुसऱ्याचा भोंगा. अशा गोंधळात मी रोज दुपारी चार वाजता कॉम्प्युटरपुढे जाऊन बसायचे.

लेक म्हणायची, "आई, या वयात लोक चार चांगली कामं करतात."

"मी दगड फोडतेय ना," मी म्हणायचे. "अजून काय करू?"

खेळ साधा होता. दोघांनी मिळून एक ओसाड बेट वसवायचं. लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, खोपटं बांधायचं आणि अंधार पडून लांडगे आले की आत पळून दार लावायचं. दोघं एकमेकांपासून कितीही लांब असले तरी चालतं. खाली एका पट्टीत लिहून बोलता येतं.

मी चौतीस वर्षं इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री केली. चादरींवर वॉर्डांची नावं असायची, ती मी आकारावरून ओळखायचे, वाचून नाही. अक्षरं शिकले ती चौसष्टाव्या वर्षी, नातीकडून, या खेळापायीच. मी आपली आपण वाचलेला पहिला शब्द होता ‘पळा’. लांडगे आले की समोरचा तेवढंच लिहायचा.

समोरच्याचं खेळातलं नाव ‘गोगलगाय’. नातीने जोडून दिलेला माणूस. "आजी, चांगला आहे, सांभाळून घेईल तुला," एवढंच ती म्हणाली होती.

तिसऱ्या आठवड्यात मला कळलं की तो माझा धाकटा भाऊ आहे.

आमचे वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते. ओल्या फळ्या रचताना दोन फळ्यांच्या मध्ये आडव्या पातळ पट्ट्या घालायच्या, म्हणजे हवा खेळते आणि फळी वाकत नाही, हे त्यांनी आम्हा दोघांना लहानपणी शिकवलं होतं. खेळातल्या लाकडाला हवा लागत नाही. ते वाकत नाही, सडत नाही, नुसतं फेकून दिलं तरी तसंच राहतं. पण गोगलगायीने बेटावरचं सगळं लाकूड रचलं होतं आणि प्रत्येक थरामध्ये आडव्या काड्या घातल्या होत्या. मी पडद्याकडे बघत बसले. मग माझं लाकूड उचललं आणि शेजारी तसंच रचलं, काड्या घालून. तो येऊन माझ्या ढिगाभोवती एक फेरी मारून गेला. नंतर त्याने लिहिलं, "छान रचता तुम्ही."

मी लिहिलं, "तुम्हीही."

सख्ख्या बहीणभावात कुणी ‘तुम्ही’ म्हणतं का? आम्ही चार वर्षं म्हणालो.

त्याचं कारण सांगायला हवं. त्याच्याआधी पाच वर्षं आम्ही बोलत नव्हतो. आई त्याच्या घरी राहायची. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावर गेला होता, त्याची बायको बाजारात, आणि आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. त्यातच ती गेली. मातीच्या दिवशी त्याच्या कामावरची माणसं, शेजारी, सगळे उभे असताना मी त्याला म्हणाले, "एका म्हातारीवर लक्ष ठेवणं जमलं नाही तुला. तू मारलंस तिला."

तो म्हणाला, "खरंय, ताई." एवढंच. आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

खरं नव्हतं ते. आईला आधी माझ्याकडेच यायचं होतं. मीच म्हणाले होते, माझं घर तिसऱ्या मजल्यावर, तिला जिने झेपायचे नाहीत. जिने तिला झेपले असते. मला ती झेपली नसती. हे त्याला माहीत होतं. तरी चारचौघांत त्याने तोंडातून काढलं नाही. त्याने उलट चार शब्द सुनावले असते तर मी दुसऱ्या दिवशी फोन केला असता. पण जो ‘खरंय’ म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतो, त्याला फोन कुठल्या तोंडाने करायचा?

म्हणून मला तो खेळ हवा होता. रोज चार ते पाच आम्ही दगड फोडायचो आणि रोज मी ठरवायचे, आज लिहीन, ‘ढब्बू, चूक माझी होती.’ ढब्बू हे त्याचं लहानपणीचं नाव, गुटगुटीत होता म्हणून. अक्षरं मला यायला लागली होती. ते वाक्य मी वहीत कितीदा लिहून बघितलं. पण ढब्बू म्हटलं की सोंग संपलं. सोंग संपल्यावर तो पळून गेला तर? त्यापेक्षा दगड बरे, असं म्हणत चार वर्षं गेली.

मग एक दिवस खेळ उघडल्यावर लाल चौकट आली. मी अडखळत वाचली. खेळ महिनाअखेरीला कायमचा बंद होणार होता.

"होतं असं, आजी," नात म्हणाली. "जुना झाला की बंद करतात. पण त्याच आठवड्यात, शुक्रवारी, तीन नवीन येतायत. हे खेळाडू आपल्याकडे यावेत म्हणून तिघांनी एकच दिवस धरलाय."

"एका दिवशी तीन लग्नांची बोलावणी झाली की ही."

"हो, आणि आपल्या या डब्यात एकच मावेल. जुना आहे तो. तीनही घातले तर धूर निघेल."

तिने मला तिन्हींची चित्रं दाखवली. एक बोटींचा खेळ: जहाज बांधा, समुद्र ओलांडा, माल पोचवा. एक शेतीचा: बिया पेरा, बैल पाळा, फुलं लावा. तिसरा राक्षसांशी लढाईचा. तो पाहून लेक म्हणाली, "हा नको गं बाई, घरात दोन आहेत."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी लिहिलं, "खेळ बंद होणार. पुढे कुठे?"

"तुम्ही सांगा," त्याने लिहिलं.

"नाही, तुम्ही सांगा."

"तुम्ही वयाने मोठ्या आहात."

"कशावरून?"

"एक ओळ लिहायला पाच मिनिटं घेता."

मी एकटीच हसले. मग एकेक अक्षर शोधून तिन्ही खेळांची नावं एकाखाली एक लिहिली आणि खाली लिहिलं, "मी वाटे घातले. तुम्ही उचला."

हे त्याला बरोबर कळलं असणार. आमच्या घरी आईची रीत होती: मोठीने वाटे करायचे, धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे वाटे करणारी लबाडी करत नाही. पण ढब्बू नेहमी लहान वाटा उचलायचा. आई रागवायची, मी मोठा वाटा खायचे, आणि तो म्हणायचा, मला भूकच नाही. असा गुटगुटीत पोरगा, त्याला भूक नाही!

त्याने लिहिलं, "विचार करून सांगतो."

रोज मी विचारायचे, रोज तो "सांगतो" म्हणायचा. शेवटच्या दिवशी सांगेन, असं ठरलं.

शेवटच्या दिवशी मी पावणेचारलाच बसले. खेळ उघडेना. त्या दिवशी निरोप घ्यायला इतके लोक आले होते की आत जायला रांग लागली होती. पडद्यावर आकडा आला: तुमचा नंबर सहा हजार चारशे बारा. मी नातीला हाक मारली. तिने तार हलवली, बंद करून चालू केलं, आणि नंबर नऊ हजारांवर गेला. मी म्हणाले, "हात लावू नकोस आता." पाच वाजता माझ्यापुढे अकराशे माणसं होती. साडेपाचला पडदा काळा झाला आणि लिहून आलं, आभारी आहोत.

"आजी, आता तरी फोन कर," नात म्हणाली. तेव्हाच तिने कबूल केलं की गोगलगाय कोण ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिने आणि भावाच्या मुलाने मिळून जमवलं होतं.

"त्याला माहीत आहे की मला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे गं! शेजारच्या काकूंनासुद्धा. तुम्हा दोघांनाच माहीत नाही."

"मग येईल तो. फोन कशाला?"

"येईल, पण कुठे?"

मी विचार केला. लहानपणी त्याला बोटींचं वेड. गटारात कागदाच्या होड्या सोडायचा, खलाशी होणार म्हणायचा. जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तारा ओढत राहिला. मला बोटींतलं काही कळत नाही; पडद्यावर पाणी हललं तरी मला गरगरतं. पण म्हटलं, इतकी वर्षं तो लहान वाटा उचलत आला. या वेळी मी उचलते. शुक्रवारी नातीने बोटींचा खेळ घातला.

मी रोज चार वाजता बंदरावर उभी राहायचे. शेकडो माणसं यायची, जायची. कुणी विचारायचं, ‘जहाजावर येता का?’ मी लिहायचे, ‘नको, माणसाची वाट बघतेय.’ आठ दिवस गेले, पंधरा गेले. लेक बाळं घेऊन सासरी गेली, नातही कॉलेजला परतली. घर एकदम शांत झालं. शांत घरात माणसाच्या मनात नको ते येतं. मला वाटायला लागलं, खेळ बंद झाला ते त्याला बरंच वाटलं असेल. चार वर्षं भिडेपोटी खेळला. आता सुटला. रांगेत तो उभाच नसेल.

नात फोनवर म्हणायची, "नंबर देते, लाव." मी म्हणायचे, "ज्याला यायचं तो येतो." मोठेपणाचा माज आणि भीती यांत फरक करायला मला कधी जमलं नाही.

पाच आठवडे झाले. एका रविवारी नातीचा फोन आला, तोही ओरडतच. "आजी, तो शेतीच्या खेळात आहे! गोगलगाय! मामाआजोबांच्या मुलाने मंगळवारीच कळवलं होतं, मी आत्ता वाचलं. पहिल्या दिवसापासून तिथेच आहे!"

"शेतीत? त्याला शेतीतलं काय कळतं?"

"तुला फुलझाडं आवडतात म्हणून, आजी." ती रडत होती की हसत होती, कळेना.

लॉन्ड्रीच्या खिडकीत मी डब्यांमधून मिरच्या आणि झेंडू लावायचे. डबे तोच आणून द्यायचा.

नात धावत आली. बोटी काढल्या, शेती घातली. चार वाजले होते. गोगलगायीचं शेत शोधायला वेळ लागला नाही. नांगरलेलं नीट नव्हतं, बैल उपाशी दिसत होता, पण कुंपणाच्या कडेने फुलंच फुलं होती. तो मात्र नव्हता. फाटकापाशी लाकडी फळा होता, त्यावर ओळी लिहिलेल्या. नात वाचून दाखवायला लागली. मी म्हणाले, "थांब. मी वाचते."

पहिली ओळ: चार ते पाच होतो. दुसरी: चार ते पाच होतो. तिसरी तीच. फळा वर सरकवत गेले तरी तेच. रोजची एक ओळ, एकही दिवस चुकलेला नाही. मध्ये एकदा: बैल विकत घेतला, तुम्ही हसाल. पुन्हा चार ते पाच होतो. अगदी शेवटची ओळ चार दिवसांपूर्वीची, बुधवारची होती: आज बरं नाही. दहा मिनिटं होतो.

मी त्याखाली लिहिलं. मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "ढब्बू, मी ताई. चूक माझी होती. आईला मी ठेवून घेतलं नाही. तू काही केलं नव्हतंस."

पाच वाजेपर्यंत बसले. सोमवारी चार ते पाच बसले. मंगळवारीही. ओळीखाली ओळ आली नाही. मंगळवारी पाचला मी नातीकडून नंबर घेतला आणि फोन लावला. भावजयीने उचलला. माझा आवाज नऊ वर्षांनी ऐकूनही तिने ओळखला.

"वन्सं," ती म्हणाली.

"कुठे आहे तो?"

"इस्पितळात. गुरुवारपासून. डोक्यात रक्तस्राव झालाय. डोळे उघडत नाहीत."

"खेळातलं... फळ्यावर मी लिहिलंय काही. त्याने वाचलं का?"

"कसं वाचतील, वन्सं? बुधवारी खेळून उठले तेव्हाच डोकं दुखतंय म्हणाले. मी म्हटलं, कशाला बसता त्या शेतीपुढे, कुणी येत नाही. तर म्हणाले, ताई जिने चढून येते, तिला वेळ लागतो."

मी रात्रीच निघाले, सकाळी पोचले. त्याला नळ्या लावल्या होत्या. चादर त्या इस्पितळाची होती, धुऊन विटलेली, इस्त्री धड नव्हती. मी खुर्ची ओढून बसले आणि वाक्य म्हणून दाखवलं, जसं लिहिलं होतं तसं. मग पुन्हा म्हणाले. नर्स येऊन म्हणाली, ऐकू जात असेल, काही सांगता येत नाही. भावजय म्हणाली, जात असणार. मला माहीत नाही. त्याचा चेहरा काही हलला नाही.

माझा धाकटा भाऊ त्याच दिवशी, बुधवारी, अकरा मार्चला, दुपारी पावणेतीन वाजता वारला. सहासष्ट वर्षांचा होता.