टाकीखालचा सांधा

मी एक जुनी मोटारसायकल आहे. दूध घालायला किंवा शेतावर डबा पोचवायला असते तसली नव्हे. मला लांबच्या प्रवासासाठी बनवलं होतं. रुंद सीट, मोठी टाकी, पाठीमागे दोन्ही अंगांना पेट्या लावायला लोखंडी पट्ट्या आणि रस्त्यावर लांबून ओळखू येईल असा संथ, जाड आवाज. मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. तिच्यात माझ्या कौतुकाचे दिवस आहेत आणि माझ्या अंगात लपवलेलं एक दुखणंही आहे.

दक्षिणेतल्या एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले. तिथून मी ट्रकमधून हिंगोलीला आले, आणि दुकानाच्या काचेआड तीन आठवडे उभी राहिल्यावर पुसेगावच्या माणिकरावांनी मला घरी नेलं. माणिकराव हळदीचे शेतकरी. हळद निघाली, शिजली, वाळली, बाजारात गेली की दरसाल ते मला धुऊनपुसून तयार करत आणि पत्नी द्वारकाबाईंना मागे बसवून निघत. पहिल्या वर्षी रामेश्वर, दुसऱ्या वर्षी कच्छ. द्वारकाबाई उन्हासाठी नऊवारीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा घालून बसत आणि वाटेत कुठली विहीर खोल आहे, कुठलं पीक उभं आहे, ते नवऱ्याला पाठीमागून ओरडून सांगत. गावात बायका हसल्या. त्यांनी मनावर घेतलं नाही. अकरा वर्षांत आम्ही तिघांनी निम्मा देश पाहिला.

माणिकराव माझी निगा राखत. पाचशे किलोमीटर झाले की साखळीला तेल, पावसाळा संपला की ब्रेकची तपासणी. कुणी पेट्रोल भरायला थांबलं आणि म्हणालं, "काय गाडी ठेवलीय हो!" की त्यांची छाती फुगायची. खरं सांगायचं तर माझीही.

मग मेळघाटातल्या एका वळणावर ते घडलं. रस्त्यावर बारीक खडी पसरलेली होती. माझं पुढचं चाक घसरलं आणि मी कठड्यावर जाऊन आदळले. माणिकरावांना खरचटलं. द्वारकाबाईंचा घोटा मोडला. माझं हँडल ज्या नळीत फिरतं, ती नळी सांगाड्याला जिथे जोडलेली असते त्या जागेला मेकॅनिक लोक गाडीची मान म्हणतात. माझी मान वाकली. जवळच्या गावातल्या वेल्डरने ती ठोकून सरळ केली, चिरलेल्या जागी डाग मारला आणि वर काळा रंग फासला. वरून टाकी बसली, की काही दिसत नव्हतं.

घरी आल्यावर द्वारकाबाईंच्या घोट्याबद्दल कुणी विचारलं की माणिकराव सांगत, "पायरीवरून पडली ती." बायकोला घेऊन एवढ्या लांब हिंडतो म्हणून आधीच बोलणाऱ्या लोकांपुढे त्यांना खाली बघायचं नव्हतं. खरं काय ते घरातल्या तिघांनाच माहीत होतं : माणिकराव, द्वारकाबाई आणि मुलगा भागवत. त्यानंतर माणिकरावांनी मला साठाच्या पुढे कधी पळवलं नाही. पुढे गेलं की माझं हँडल थरथरायचं.

पुढे त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. एका डोळ्याची नजर गेली, दुसऱ्याने जेमतेम उजेड कळू लागला. मी हळदीच्या शेडमध्ये पोत्यांच्या थप्पीला टेकून उभी राहिले. एक वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं. माझ्या इंजिनाच्या पात्यांवर पिवळी धूळ बसली. टायर एकाच जागी दबून चपटे झाले. सुरुवातीला भागवत महिन्यातून एकदा येऊन मला सुरू करायचा; मग तेही थांबलं. मित्रांनो, यंत्राला काम जड होत नाही, उभं राहणं जड होतं.

यंदा थंडीच्या तोंडावर भागवतने मला विकायला काढलं. हिंगोलीला नेऊन नवा रंग दिला, सीट नवी शिवली, चाकं घासून चकचकीत केली. मी आरशात स्वतःला ओळखलं नसतं. आणि एका रविवारी सकाळी आखाडा बाळापूरहून दोघं मला बघायला आली. ज्योती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, आणि तिच्यासोबत तिचे वडील नरसिंग, एसटीचे निवृत्त चालक.

"एकतीस वर्षं लोकाला यात्रेला नेलं ह्यांनी," ज्योतीने द्वारकाबाईंना सांगितलं, "पण स्वतः कुठं गेले न्हाईत. आता मी चालवणार अन् बाबा मागं बसणार. सांचीचा स्तूप दाखवायचाय त्यायला."

नरसिंग माझ्या रंगाकडे बघतही नव्हते. माझ्याजवळ आले आणि पहिल्यांदा इंजिनावर तळहात ठेवला. लगेच काढून घेतला.

"इंजिन गरम काहून?"

"तुमी यायच्या आधी सुरू करून बघितली," भागवत म्हणाला.

"मग थंड होऊ द्या. गरम गाडी कुणाचीबी सुरू होती. थंड असताना पहिल्या किकला काय करती, ते बघायचं असतं."

मग चहा झाला, पोहे झाले. इंजिन निवेपर्यंत नरसिंगांनी माझी कागदपत्रं मागितली. गुडघ्यावर बसून, चष्मा पुसून, सांगाड्यावर कोरलेला नंबर आणि इंजिनावरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून नोंदणीच्या पुस्तकाशी जुळवला. टायरच्या कडेला दाबलेले चार आकडे ज्योतीला दाखवले. "पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी शाबूत हाय, पण रबर सात वर्षांचं हाय. ह्या टायरवर लांब जायचं न्हाई." चाकाच्या तारा त्यांनी नाण्याने एकेक वाजवल्या, तीन बद्द वाजल्या, त्या ढिल्या होत्या. टाकीचं झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत गंज आहे का पाहिलं. पुढच्या शॉकच्या चकचकीत नळीवर बोट फिरवलं आणि बोटावरचं तेल ज्योतीच्या बोटाला लावलं.

"सील गेलं. हे बदलता येतं. गाडी जुनी हाय तर झिजणारच. झिजलेलं बदलता येतं, पोरी. मोडलेलं कुठं हाय, ते शोधायचं."

मित्रांनो, हे ऐकून मला काय वाटलं म्हणून सांगू? किती वर्षांनी कुणी माझ्या प्रत्येक सांध्याला हात लावत होतं. आणि त्याच वेळी मला भीती वाटत होती. पेट्यांच्या पट्ट्या जिथे जोडल्या होत्या तिथे त्यांनी वाकून तडा शोधला, नव्हता. मागचं चाक धरून आडवं हलवलं, खेळ नव्हता. माझं पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवलं. मधोमध आल्यावर ते किंचित अडकलं.

"बेरिंग गेलं," ते म्हणाले. त्यांचं बोट मानेपाशी आलं, जाड रंगावरून फिरलं आणि पुढे गेलं. टाकीखाली काय आहे ते त्यांना दिसणार तरी कसं? मला तोंड असतं तर मी तिथेच सांगितलं असतं.

इंजिन थंड झालं. ज्योतीने किक मारली. तिसऱ्या किकला मी सुरू झाले. थोडा पांढरा धूर निघाला, मग थांबला. नरसिंग मान वाकवून माझा आवाज ऐकत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "काळीज चांगलं हाय हिचं."

"गावातच एक चक्कर मारा ताई," भागवत घाईने म्हणाला.

पण ज्योतीने हेल्मेट घातलं आणि मला सरळ मोठ्या रस्त्यावर घेतलं. चाळीस, पन्नास. वारा लागला तशी मी सगळं विसरले. साठ. आणि मग पुढचं चाक थरथरू लागलं, हँडल तिच्या हातात आपोआप हलू लागलं. दुसरं कुणी असतं तर घाबरून ब्रेक दाबला असता आणि आम्ही दोघी रस्त्यावर असतो. ज्योतीने हँडल घट्ट आवळलं नाही. फक्त अॅक्सिलरेटर हळूहळू सोडला. थरथर थांबली. ती बाजूला उभी राहिली, दोन लांब श्वास घेतले आणि तशीच हळू परत आली.

"साठाच्या पुढं हँडल थरथरून राहिलं," ती म्हणाली. "भाऊ, ही कुठं पडली होती का?"

"न्हाई ताई. चार वर्षं उभी होती. टायर चपटे झाले असतील."

ओसरीवर बसलेल्या माणिकरावांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"भागवत," ते म्हणाले, "टाकी काढ."

"अण्णा, कशाला..."

"मी सांगून राहिलो ना. टाकी काढ."

भागवतने पाने आणले. पेट्रोलची नळी सुटली, बोल्ट निघाले, टाकी बाजूला झाली. नरसिंगांनी किल्लीच्या टोकाने रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा ओबडधोबड डाग होता आणि त्याच्या कडेने केसाएवढी बारीक चीर गेलेली होती.

"खडीवरून घसरलो," माणिकराव म्हणाले. "कठड्याला धडकलो. हिचा घोटा तवाच मोडला. लोकाला मी सांगितलं, पायरीवरून पडली. लेकराला बी तेच सांगायला लावलं. आज तो खोटं बोलला, ते माझ्याकडूनच शिकला."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

भागवतच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, आधी तिघं येऊन गेले. तिघायला मी खरं सांगितलं. तिघं उठून गेले. मग भंगारवाला आला. म्हणला, इथंच कापतो अन् नेतो. अण्णांच्या म्होरं ती कापायची? मला ते बघवलं न्हाई."

"बघवलं न्हाई, ते मला समजतं," नरसिंग शांतपणे म्हणाले. "पण माझी पोरगी चालवणार होती, बाबा. मागं मी बसणार होतो."

ज्योतीने त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काका, तुमी सांगितलं म्हणून आमी वाचलो. पण ही गाडी मी न्हाई घेऊ शकत."

ती दोघं गेली. माझी टाकी दिवसभर ओट्यावरच पडून होती. मला वाईट वाटलं, आणि फार हलकंही वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं. आता कापलं तरी चालेल, असं मी मनाशी म्हणाले.

नवव्या दिवशी नरसिंग परत आले. सोबत हिंगोलीचे मेकॅनिक वसराम होते. वसरामांच्या गॅरेजात माझ्याच जातीची एक गाडी दोन वर्षांपासून पडून होती. तिचा सांगाडा सरळ, कागद स्वच्छ. इंजिन मात्र तेलाविना चालवून जाम झालेलं.

"हिचा सांगाडा आता रस्त्यावर न्यायचा न्हाई," वसराम म्हणाले. "पण हिचं इंजिन तिच्यात बराबर बसतं. रीतसर अर्ज करू, पुस्तकात नवा इंजिन नंबर चढवून घेऊ."

तसंच झालं. ज्योतीने ती गाडी आणि माझं इंजिन, दोन्ही विकत घेतलं. माझं इंजिन, चाकं आणि पेट्यांच्या पट्ट्या त्या दुसऱ्या सांगाड्यावर चढल्या. नवे टायर, नव्या तारा, नवं बेरिंग, नवी सीलं. मित्रांनो, तुम्ही विचाराल, मग तू नेमकी कुठली? वाकलेली मान शेडमध्ये राहिली ती तू, की रस्त्यावर धावते ती? मलाही पहिले काही दिवस कळत नव्हतं. पण किक बसली, आतून ठोका पडला, आणि मी मीच होते.

ज्योती मला पुसेगावला घेऊन आली त्या दिवशी माणिकरावांनी भागवतला वही आणायला सांगितली. "लिही," ते म्हणाले. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. कुठल्या साली क्लचची तार तुटली. कच्छच्या रस्त्यावर इंजिन किती तापलं. पिस्टनची रिंग कधी बदलली, कुणी बदलली. मी कुठे पडले, का पडले. एकही गोष्ट त्यांनी गाळली नाही. मधूनच द्वारकाबाई त्यांना थांबवून म्हणत, "ते न्हाई, ते त्याच्या म्होरल्या वर्षी," आणि भागवत खोडून पुन्हा लिहायचा. साडेतीन पानं भरली. शेवटी माणिकरावांनी चाचपडत खाली सही केली, आणि त्या सहीशेजारी भागवतने आपणहून आपलीही केली.

ज्योतीने ती पानं वाचली, घडी घातली आणि माझ्या कागदपत्रांत ठेवली. "रंगापेक्षा हे बरं झालं, भाऊ," ती म्हणाली. भागवत पहिल्यांदा तिच्या नजरेला नजर देऊन हसला.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा नुसत्या रंगावर भुलू नका. इंजिन थंड आहे का ते हात ठेवून बघा, नंबर जुळवा, तारा वाजवा, हँडल फिरवा, मोठ्या रस्त्यावर नेऊन बघा. आणि शंका आली तर टाकी काढायला सांगायला लाजू नका. पण एक दिवस तुम्हीही आपली गाडी विकायला काढाल. तेव्हा समोरच्याने विचारण्याआधी, ती कुठे पडली होती, ते तुम्हीच सांगा. आम्हाला झिजण्याची लाज वाटत नाही. फक्त आमच्या पाठीवर बसणाऱ्याला सगळं माहीत असावं, असं वाटतं.

आज पहाटे आम्ही सांचीच्या वाटेला लागलो. मागच्या सीटवर नरसिंग आहेत. निघताना ते ज्योतीला म्हणाले होते, "सावकाश चालव." वाशीम मागे पडलं, ऊन वर आलं, आणि आत्ताच त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, "पोरी, जरा पळव की."