घामोळ्याने आणलेलं नेट

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. किती जुना, ते विचारून मला लाजवू नका. माझ्या कुशीत अजून सीडी घालायची फट आहे, एवढ्यावरून जाणकारांनी काय ते ओळखावं. उजवी बिजागरी सैल झाल्यामुळे माझी मान एका अंगाला कलते. तरीही गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यात, उदारामजींच्या घराच्या पुढच्या खोलीत, मी रोज ताठ मानेने उभा असतो. म्हणजे मागून विटेचा टेकू असतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला आणि पहिली नोकरी नागपुरातल्या एका कचेरीत. तिथले साहेब मला पिशवीतून काढून पाहुण्यांच्या हातात देत आणि म्हणत, "बघा, फुलासारखा हलका!" मी चांगला तीन किलोंचा होतो, पण त्या काळी एवढ्या वजनालाही फूल म्हणायची पद्धत होती. पुढे साहेबांकडे पापडासारखा पातळ लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथून गोंदियाच्या बाजारातल्या जुन्या मालाच्या दुकानात आलो. तिथे उदारामजींच्या मुलाने, इंद्रकुमारने, मला उचललं. तो राइस मिलचा ट्रक चालवतो. घरी आला की बघायला चार सिनेमे असावेत, एवढीच त्याची माझ्याकडून अपेक्षा होती.

मी घरात आलो तो नेमका दसऱ्याला. इंद्रकुमारच्या आईने, अनुसयाबाईंनी, विळे, कुऱ्हाड आणि शिलाई मशीन यांच्या पंगतीत मला बसवलं आणि माझ्यावर हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या. मला भरून आलं. अक्षताही भरल्या, थेट बटणांच्या खाली. तेव्हापासून माझं सर्वांत मोठं बटण दाबलं की कुर्रर्र आवाज येतो. देवपण माझ्या अंगाशी आलं, ते असं.

पुढे सिनेमे मोबाइलवर दिसू लागले आणि मी तांदळाच्या कोठीवर जाऊन पडलो. अंगावर विणलेला रुमाल आणि रुमालावर पितळी समई. घरात येणाऱ्या पाहुण्यांना मी पाट वाटत असे.

मला खाली उतरवलं ते सुनेने, दुर्गेश्वरीने. ती गोंदियाच्या एका खासगी शाळेत गणित शिकवायची. शाळा बंद पडली आणि ती घरी बसली. स्वयंपाक, गुरं, धानाची रोवणी, सगळं ती करी, कुरकुर न करता. पण बाजारात एखादं जुनं पोर "मॅडम!" म्हणून हाक मारायचं, त्या दिवशी तिच्या पोळ्या गोल गोल व्हायच्या. अशात नागपूरच्या एका शिकवणी वर्गाला घरून शिकवणारी शिक्षिका हवी होती. सोमवारी सकाळी दहाला नमुन्याचा तास घ्यायचा, मग ते ठरवणार. अट एकच होती: मोबाइल चालणार नाही, कॉम्प्युटर पाहिजे. त्यासाठी घरात वायफायही घेऊन झालं होतं.

पण मी कसला चालतोय! बटण दाबल्यावर मला जाग यायला इतका वेळ लागे की उदारामजी मधल्या वेळात म्हशीला पाणी पाजून येत. तेव्हा दुर्गेश्वरीच्या शाळेतल्या मैत्रिणीने, अल्काने, फोनवर सांगितलं, "लिनक्स टाक त्याच्यात. फुकट आहे, अन् जुन्या मशिनीत जीव येते." शनिवारी दुर्गेश्वरीने मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत, पेन ड्राइव्ह लावून, माझ्यातलं जुनं सगळं पुसलं आणि लिनक्स, म्हणजे मला चालवणारी नवी यंत्रणा, बसवली. मित्रांनो, काय सांगू! बटण दाबलं आणि मी लगेच हजर. उदारामजींनी नुकती बादली उचलली होती, ती त्यांना खाली ठेवावी लागली.

मात्र वायफाय गेलं. शेजारी वायफायचा डबा हिरवा दिवा लुकलुकवत बसलेला आणि मला तो दिसेचना. माझ्या पोटातल्या वायफायच्या कार्डाला त्याचा म्हणून एक ड्रायव्हर लागतो, म्हणजे ते कार्ड हाकणारा प्रोग्राम. तो मिळतो नेटवर, आणि नेट मिळतं तो ड्रायव्हर असला तर. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना! त्या डब्याची तार जोडायचं कुशीतलं भोक नागपुरातच निकामी झालं होतं, त्यामुळे तोही मार्ग नव्हता.

"भांडेवाली आली का देऊन टाका हे डबडं," उदारामजी म्हणाले. "भात शिजवाले एक गंज तरी येईन घरात."

दुर्गेश्वरीने पदराने माझी काच पुसली, दोनदा पुसली. मला फार वाईट वाटलं.

अल्कानेच तिला एक चॅट ग्रुप सांगितला. तिथे ठिकठिकाणची लिनक्सवाली मराठी माणसं एकमेकांच्या अडचणी सोडवतात. कोणी कोणाला पाहिलेलं नसतं आणि खरं नावही फारसं कोणी लावत नाही. रविवारी सकाळी दुर्गेश्वरी एका हाताशी मला आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन बसली. शेजारी अनुसयाबाई पोपटीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सून सगळं मोठ्याने वाचत होती. त्यामुळेच ही कहाणी मला कळली.

"नमस्कार, कोणी आहे का?" सुनेने लिहिलं. उत्तर नाही. "एक प्रश्न विचारू का?" तरी उत्तर नाही.

"असं कोण बोलन वो?" अनुसयाबाई म्हणाल्या. "पयले जेवण झालं काय ते विचार."

सुनेने मुकाट्याने तेही विचारलं. तेव्हा कुठे 'घामोळं' असं नाव लावलेला एक जण उगवला. त्याने लिहिलं, "विचारू का, असं विचारू नका. विचारा."

"जेवला नसन," अनुसयाबाईंनी निदान केलं. "उपाशी माणूस असाच करकर करते."

दुर्गेश्वरीने अडचण सांगितली. घामोळ्याने एक कमांड दिली, "जशीच्या तशी टाइप करा. जे येईल ते पाठवा," म्हणाला. तिने कुर्रर्र, कुर्रर्र करत टाइप केलं. माझ्या पोटातली सगळी माहिती काचेवर आली. तिने काचेचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. आता माझी काच पडली चकचकीत. फोटोत अक्षरं आली आणि अक्षरांच्या मागे, बनियनवर, तोंडात कडुलिंबाची काडी घेतलेले उदारामजीही आले.

झोपलेला ग्रुप जागा झाला. "मागचे काका कोण?" "काका, नमस्कार!" "काकांचा ड्रायव्हर सापडला का?"

"कायले हसून राहिले ते?" उदारामजींनी विचारलं. कारण कळल्यावर ते आत गेले, सदरा घातला, केसांना तेल लावून भांग पाडला आणि पुढच्या फोटोसाठी मागे येऊन बसले. घामोळं एकटंच हसलं नाही. त्याने लिहिलं, "काकांना बाजूला करा. अक्षरं दिसत नाहीत."

पुढच्या कमांडला मी पासवर्ड मागितला. माझा तो नियमच आहे. पण उदारामजी ताडकन उठले.

"थांब! पासवर्ड कोणाले देऊन राहिली? गाव नाही, आडनाव नाही, अन् घराची किल्ली द्याची? पयले गाव विचार त्याचं!"

"मामाजी, तो नाही मागून राहिला, लॅपटॉप मागून राहिला," सून म्हणाली. पण सासऱ्याचा शब्द तिला मोडवेना. तिने गाव विचारलं.

"गावाचा आणि वायफायचा संबंध नाही," घामोळ्याचं उत्तर आलं.

"मंजे पुण्याकडचा आहे," उदारामजी म्हणाले.

तेवढ्यात आणखी एक ओळ आली: "पासवर्ड मला नको. इथे लिहूही नका. तुमच्या लॅपटॉपलाच सांगा." ती ऐकून उदारामजी खाली बसले. "माणूस इमानदार आहे. करू दे त्याले."

घामोळ्याने माझं दुखणं ओळखलं. मोबाइल तारेने लॅपटॉपला जोडा, मोबाइलचं नेट त्याला द्या, मग ड्रायव्हर उतरवून घेता येईल, असं त्याने सांगितलं. दुर्गेश्वरीने चार्जिंगची तार जोडली. काहीच झालं नाही. घामोळं म्हणालं, "काही तारा फक्त चार्जिंगच्या असतात. मोबाइलबरोबर खोक्यात आलेली तार शोधा."

मग ती शोधाशोध सुरू झाली! पेट्या उघडल्या, गाद्या उलथ्या झाल्या, देवघर बघून झालं. उदारामजी तेवढे जागचे हलले नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात अनुसयाबाईंना या शांततेचा अर्थ पाठ झाला होता.

"का जी, कशाले बांधली?"

"बिजाईच्या पोत्याले," उदारामजी हळूच म्हणाले. "मजबूत होती म्हून."

उदारामजींच्या हाती दोरी, नाडा, तार, काहीही लागो, ते कशाचं तरी तोंड बांधतातच. बियाण्याचं ते पोतं आत धानाच्या थप्पीखाली होतं आणि गाठ अशी बसली होती की त्यांनी विळा उचलला. "मामाजी, कापू नका!" दुर्गेश्वरी इतक्या जोराने ओरडली की अंगणातली कोंबडी उडाली. शेवटी उदारामजींनी दातांनी गाठ सोडवायला घेतली.

"सापडली का?" घामोळं विचारत होतं.

"सापडली. पोत्याची गाठ सुटत नाही," सुनेने लिहिलं.

"कसलं पोतं?" त्याने विचारलं. उत्तर द्यायला कोणी मोकळं नव्हतं.

तार लागली आणि मला नेट आलं. पण मोबाइलचं भोक ढिलं, जरा हललं की नेट गायब. अनुसयाबाईंनी मोबाइल तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरला, शेंगा तशाच मांडीवर. ड्रायव्हर थेंबाथेंबाने उतरला. दुर्गेश्वरीने मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि डोळे मिटून घेतले. मी उघडलो, तर कोपऱ्यात वायफायची खूण. खोटं कशाला सांगू, मी रडलोच असतो. पण ओल मला सोसत नाही.

"झालं. खूप आभार," तिने लिहिलं आणि ग्रुप मिटायला निघाली.

"शेजारणीची वाटी कोणी रिकामी परत करते काय वो?" अनुसयाबाईंनी तिला अडवलं. "चिन्नोर तांदूळ पाठव त्याले. पत्ता माग."

घामोळ्याने पत्ता दिला नाही. तांदूळ नको म्हणाला.

"मग निदान आपल्याले हे कायसाठी पायजे होतं, ते तरी त्याले सांग," अनुसयाबाई म्हणाल्या.

"उद्या सांगीन, आत्याबाई," दुर्गेश्वरी म्हणाली. "वर्ग जमला तर सांगण्यासारखं राहीन काही."

सोमवारी ती शाळेत नेसायची ती साडी नेसून बसली. माझ्या काचेवर सहा मुलं आली आणि वर्गाच्या मुख्य बाई आल्या. उदारामजींनी अंगणात पहारा धरला आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर वेशीजवळच थांबवून ठेवला. विषय होता अपूर्णांक. पहिल्या मिनिटाला दुर्गेश्वरीचा आवाज कापत होता. माझा पंखा धापा टाकत होता, पण तिचा एकही शब्द मी वाटेत सांडू दिला नाही. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, परत एकदा सांगा ना." दुर्गेश्वरीने परत सांगितलं, आणि त्यानंतर आवाज कापला नाही. तास संपला तेव्हा मुख्य बाई म्हणाल्या, "गुरुवारपासून सुरू करा."

उदारामजींनी ट्रॅक्टर सोडला. अनुसयाबाई हसता हसता रडल्या.

दुर्गेश्वरीने ग्रुप उघडला आणि सगळं लिहिलं. बंद पडलेली शाळा, पोत्याला बांधलेली तार, ती मुलगी 'मॅडम' म्हणाली ते, सगळं. घामोळं लिहितंय असं दिसे, मग थांबे, मग पुन्हा दिसे. शेवटी उत्तर आलं.

"इतकी वर्षं इथे आहे. काम झालं की लोक जातात. पुढे काय झालं, हे आज पहिल्यांदा कळलं." आणि थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली: "माझी मुलगी सहावीत आहे. अपूर्णांकांचं नाव काढलं की रडते."

"रविवारी बसवा तिला," दुर्गेश्वरीने लिहिलं.

आता दर रविवारी माझ्या काचेवर दोन वेण्यांची एक मुलगी येते. तिचे बाबा मागे, दाराच्या आडोशाला उभे असतात. काल तिने एक मोठी बेरीज स्वतःची स्वतः सोडवली, तेव्हा ते आडोशातून पुढे आले आणि हात जोडून उभे राहिले. दुर्गेश्वरीनेही हात जोडले.

मित्रांनो, जुन्या यंत्राला एकदा संधी देऊन बघा, हे मी सांगणारच होतो. माझा त्यात स्वार्थ आहे. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. कधीही न पाहिलेल्या माणसाने तुमचं अडलेलं काम केलं, तर नुसतं 'झालं' म्हणून निघून जाऊ नका. परत या आणि पुढे काय झालं ते त्याला सांगा. तो विचारणार नाही, पण त्याला ते हवं असतं.