केबलवरचे दात

कुत्र्याचं पिल्लू साडेचार महिन्यांचं झालं आणि शिवकांताच्या शेतात कुठलीच वस्तू धड राहिना. नवऱ्याची, बजरंगची चप्पल गेली, खुरप्याची मूठ गेली, ठिबकच्या नळ्यांची तर चाळणी झाली. लोहा गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दुधाचे दात पडून नवे येऊन राहिलेत. हिरड्या शिवशिवतात. दोनेक महिने दिसेल ते चावणार." पण बजरंगचा जीव उबगला होता. "अजून एक नळी फोडली तर नेऊन सोडतो याला," असं बायकोला बजावून तो सकाळीच खत आणायला लोह्याला गेला.

बाराला लाइट येणार होती. शिवकांता हळदीत खुरपत होती. तेवढ्यात विहिरीकडून लेकीची हाक आली.

"आई, हे बघ की! सोडंचना!"

तिनं मान वर केली. मोटारीची काळी केबल पिल्लानं दाढेत धरली होती आणि सात वर्षांची मंजुश्री त्याच्या कमरेला धरून मागं ओढत होती. दोघांचेही पाय चिखलात.

शिवकांतानं खुरपं टाकलं. स्टार्टर ऑटोवर होता. लाइट येताच मोटार आपोआप सुरू होणार होती.

"मंजे, सोड त्याला! लांब हो!"

"अगं, त्याला शॉक बसंल ना!" असं म्हणत पोरगी आणखी जोरात ओढू लागली.

शिवकांता विहिरीकडं धावली. चार पावलांवर थबकली. विहीर लांब होती, वाटेत सगळा चिखल. लाइटची पेटी मात्र मागं, बांधालगत, हाकेच्या अंतरावर. बाराला किती मिनिटं उरलीत, ते बघायलाही तिला सवड नव्हती. जन्मात पहिल्यांदा ती ओरडत्या लेकीकडं पाठ करून पळाली.

पेटीतल्या मेन स्विचचा दांडा गंजलेला. बजरंगलाही तो नीट हलत नसे. तिनं शेजारचं सुकं लाकूड उचललं आणि वरून हाणलं. एकदा. दोनदा. तिसऱ्या घावाला दांडा खाली पडून मेन बंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी शेजारच्या शेतातली मोटार घुमू लागली. लाइट आली होती. तिची मोटार मात्र गप्प होती.

ती विहिरीशी पोचली तेव्हा मंजुश्री चिखलात बसलेली, हात रक्तानं माखलेला, पिल्लू मांडीत निपचित.

"आई, दात पडला."

शिवकांतानं पोरीचं तोंड उघडलं.

"माझा न्हाई. ह्याचा."

तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढा दात होता. पिल्लानं डोळे उघडले आणि रक्ताळलेले ओठ चाटले. शिवकांतानं लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला छातीशी घट्ट धरलं. मग दोघी रडल्या.

बजरंग दुपारी परतला. सगळं ऐकून केबलपाशी उकिडवा बसला. दोन ठिकाणी आतलं तांबं दिसत होतं.

"ऑटोवर मीच टाकून गेलतो," तो म्हणाला. पिल्लाला सोडून यायची गोष्ट काही त्यानं काढली नाही.

दुसऱ्या दिवशी नवी केबल जाड पाइपात घालून वर माती लोटेपर्यंत हळद तहानलेलीच राहिली. शिवकांतानं बजरंगला मेनच्या गंजल्या दांड्याला तेल लावायला सांगितलं आणि तो एका हातानं पडतो का, हे चारदा करून पाहिलं.