एक तारखेचं चीज

ऑल्डन पिंकहॅमला कुणी अक्कल शिकवलेली खपायची नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गावात त्याने बहात्तर हिवाळे काढले होते; गोचिडींबद्दल त्याला कोण काय सांगणार? पहिलं कडक हिम पडलं की त्या मरतात असं त्याचा बाप मानायचा, निम्मं गाव मानायचं, म्हणून तोही.

ऑक्टोबरअखेर शेजारीण रोझेल खुब्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे पोर्टलंडला निघाली. आपली बीगल कुत्री टॅन्सी तिने त्याच्या हवाली केली, सोबत गोचिडींवरच्या पाच गोळ्या.

"दर एक तारखेला एक. चीजमध्ये दडवून दे. विसरलास तर याद राख!"

"अगं, हिवाळ्यात कसल्या गोचिडी? स्वेटर घालून येतात का?"

"वाद नको, ऑल्डन. गोळी दे म्हणजे दे."

"देतो बाई, देतो."

कसली देतोय! मुक्या जनावराच्या पोटात उगाच विष कशाला, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. एक तारखेला रोझेलचा फोन यायचा, "खाल्लं का रे तिनं?" तो टॅन्सीपुढे नुसता चीजचा तुकडा धरायचा आणि म्हणायचा, "खाल्लं की, चाटूनपुसून." टॅन्सी इतकी सरावली की फोन वाजला रे वाजला की फ्रिजपाशी जाऊन बसायची.

नोव्हेंबरात थंडी मोडून चार दिवस छान ऊन पडलं. दोघं रोज जुन्या दगडी बांधाच्या कडेने, गुडघाभर वाळक्या पानांतून सशांच्या मागावर भटकले. बायको गेल्यापासून घरात त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. तो हिवाळा त्याला फार सुखाचा गेला.

मार्चमध्ये रोझेल काठी टेकत परतली आणि आठवड्याभरात टॅन्सी लंगडू लागली. आज पुढचा पाय, उद्या मागचा. मग तिने अन्न सोडलं. पाणी मात्र घटाघटा प्यायची. फडताळातल्या गोळ्या काढून ऑल्डनने कोटाच्या खिशात टाकल्या, आणि तिघं जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीण तरुण होती, पण शब्द जपून बोलायची. "लाइम नावाचा रोग आहे. गोचिडीपासून झालाय. सांध्यांवर थांबला असता तर औषधाने आवरता आला असता. पण तिची मूत्रपिंडं गेलीत." तिने विचारलं, "हिवाळ्यात गोळी चुकली होती का?"

रोझेल उसळली. "एकही नाही! हा कुरकुऱ्या आहे, पण शब्दाचा पक्का. दर महिन्याला फोन करून विचारत होते मी."

"मग कुणाचाच दोष नाही. शंभर टक्के खात्री कुठल्याच गोळीची नसते."

संपलं होतं. गप्प बसला असता तर जन्मात कुणाला कळलं नसतं. रोझेलने डोळे पुसले आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. "तू केलंस तेवढं सख्ख्या भावानं केलं नसतं रे."

ते मात्र त्याला सोसलं नाही. त्याने खिशातल्या पाचही गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या.

"हिम पडलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, मेल्या असतील."

"हिमाने त्या मरत नाहीत," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "पानांखाली दबून राहतात. जरा ऊब मिळाली की वर येतात."

"खाल्लं म्हणालास मला," रोझेल म्हणाली.

"चीज खाल्लं होतं."

तिने त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात बाहेर टेबलावरचा फोन वाजला. दिवसभर निपचित पडलेल्या टॅन्सीने मान उचलली. रोझेलकडे नाही, त्याच्याकडे बघितलं आणि शेपूट एकदा हलवलं.

रोझेलला काही कळेना. "काय हवंय तिला?"

ऑल्डनने रिकामा हात पुढे केला. टॅन्सीने तो हुंगला, चीज शोधलं, आणि मिळालं नाही तरी चाटत राहिली.