माझ्या कपाळावरचा आकडा

मी प्रोसेसर बोलतो आहे. लोक मला संगणकाचा मेंदू म्हणतात, आणि माझा पहिला संशय या उपाधीवरच आहे. मेंदूला स्वतःचे काही मत असते, मला नाही. सांगितलेली आकडेमोड मी करतो, सांगितली नाही तर स्वस्थ बसतो. शिवाय ज्याला मेंदू म्हणून डोक्यावर घेतात, त्यालाच काम बिघडले की सर्वांत आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

माझा जन्म वाळूतून शुद्ध केलेल्या सिलिकॉनच्या एका चकतीवर झाला. त्या चकतीवर आम्ही शेकडो भावंडे होतो, एकाच नकाशावरून उतरलेली. पण लोककथांतल्या सात भावांप्रमाणे आमचेही दैव सारखे नव्हते. आमची परीक्षा झाली. जे सर्व कसोट्यांना उतरले त्यांना मोठा आकडा मिळाला. ज्यांचे एखादे अंग लंगडे निघाले, त्यांचे ते अंग कायमचे बंद करून त्यांना लहान आकड्याने बाजारात धाडण्यात आले. माझ्या वाट्याला आठ कोर आले, म्हणजे आठ हातांनी एकाच वेळी काम करण्याची सोय, आणि तसा आकडा माझ्या धातूच्या झाकणावर कोरला गेला.

माझे हात मुळातच आठ होते, की अधिक होते आणि मिटवले गेले, हे मला कोणी सांगितले नाही. स्वतःचे कपाळ स्वतःला वाचता येत नाही. तेव्हापासून एक बारीक शंका माझ्या मनात घर करून आहे.

पुढे दुकानातल्या काचेच्या कपाटात मी बराच काळ पडून होतो. आमच्या घराण्याची नवी पिढी आली, तसा मी वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आलो. किंमत उतरली. अक्कल तेवढीच होती. पण उतरलेली किंमत पाहिली की माणूस आधी मालातली खोट शोधू लागतो.

एके दिवशी एक सून आणि तिचे सासरे दुकानात आले. सून इमारती बांधण्याआधीच आतून कशा दिसतील, याची चलच्चित्रे तयार करत असे. नुकतीच तिने कचेरीतली नोकरी सोडली होती, आणि एका वास्तुकाराने तिला पहिले स्वतंत्र काम दिले होते: एका नव्या ग्रंथालयाचे चित्रण. सोमवारी ते समितीपुढे दाखवायचे होते. ते वेळेत झाले नाही, तर काम तिच्या जुन्या कचेरीकडे जाणार होते. आणि तिथे तिचे सहकारी, ती कधी परत येते, याचीच वाट पाहत होते. तिचा जुना संगणक या कामापुढे धापा टाकत होता.

सासऱ्यांना घरात अण्णा म्हणत. त्यांची सारी हयात वजनमापे निरीक्षकाच्या नोकरीत गेली होती. पोकळ वजने, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले मेण, कापून आखूड केलेली मोजपट्टी, सारे त्यांनी पकडले होते. "खात्री आहे का?" हा प्रश्न ते भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना विचारत, म्हणून बाजारात त्यांचे नाव खात्रीसाहेब असे पडले होते.

दुकानदाराने सर्वांत महागडा डबा पुढे सरकवला. "हा बघा, सगळ्यांचा बाप. हा घेतलात की पुढची कित्येक वर्षं मागे वळून बघायला नको."

"मागे वळून बघायला नको असं जो सांगतो ना, सूनबाई," अण्णा म्हणाले, "त्याच्याकडेच आधी वळून बघावं."

सुनेने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "माझ्या कामातलाच एक तुकडा आणलाय. तो तुमच्या मशीनवर चालवून बघते."

"अहो ताई, भिंतीवर आलेख लावलेत की! कोण किती वेगवान, सगळं छापलंय."

"त्यात माझं काम कुठे मोजलंय?"

अण्णांचा चेहरा खुलला. "शाबास! तराजू त्यांचा असला तरी माल आपला पाहिजे."

दुकानदाराने नाइलाजाने दोन नमुन्याचे संगणक चालू केले. एकात तो सगळ्यांचा बाप होता, दुसऱ्यात माझ्याच आकड्याचा माझा एक भाऊ. दोघांना तोच तुकडा दिला: ग्रंथालयाची खिडकी, तिच्यातून येणारे सकाळचे ऊन, आणि उन्हात उजळलेली पुस्तकांची रांग. बापाने काम आधी संपवले, यात वाद नाही. पण दुकानदाराने मागवलेला चहा निवण्याच्या आत माझ्या भावाचेही संपले. किंमत जवळजवळ दुप्पट होती; वेग तितका नव्हता.

"मला हा खालच्या फळीवरचा पुरे," सून म्हणाली. "वाचतील त्या पैशांत मेमरी वाढवते. माझ्या चित्रांत सामानच इतकं असतं की जागा पुरत नाही. घोडा ठीक आहे, अण्णा, पागा मोठी हवी."

अण्णांनी माझा डबा उचलून प्रकाशात धरला. "गेल्या वर्षीचा दिसतोय. उरलेला का?"

"काका, नवा आला म्हणून हा काही ढ झाला नाही."

"असंच नवऱ्या मुलाचा मामाही सांगतो."

अखेर मी विकला गेलो. दुकानदार म्हणाला, "जोडून देतो, थोडा वेळ बसा." पण अण्णांनी हात आडवा केला. माल एकदा नजरेआड गेला की हिऱ्याची गारगोटी होते, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. मला त्यात गैर काही वाटले नाही. संशय हा माणसाचा जुना राखणदार आहे. फक्त तो घरच्यांवर भुंकत नाही, ही त्याची खोड मला तेव्हा ठाऊक नव्हती.

घरी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरून माझी जोडणी सुरू झाली. सुनेने मला मदरबोर्डवर हलक्या हाताने बसवले आणि माझ्या झाकणावर पेस्टचा एक ठिपका ठेवला. ही पेस्ट माझी उष्णता वर बसणाऱ्या कूलरकडे पोचवते. आणि उष्णता गेली नाही, तर मी जळू नये म्हणून स्वतःच मंद होतो. इतक्यात वास्तुकाराचा फोन आला. सून बोलत बोलत गॅलरीत गेली.

"एवढा कूलर मी बसवून टाकतो," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी डब्यातून कूलर काढला. त्याच्या तळाला, जिथे तो मला टेकणार होता, तिथे एक पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला होता. त्यावर परक्या लिपीत बारीक अक्षरे होती. कारखान्यातून घरापर्यंत तळाला चरे पडू नयेत, म्हणून तो असतो; बसवण्याआधी काढायचा असतो.

अण्णांनी चष्मा सावरून तो पापुद्रा पाहिला. ज्या माणसाने जन्मभर सील लावले, तपासले, तुटलेले सील दिसताच दुकानदाराला जाब विचारला, त्याला त्या पापुद्र्यात काय दिसणार? सील शाबूत, तर माल शाबूत. उद्या तक्रार करायची झाली, तर हाच साक्षीदार. त्यांनी त्याची एक सुटलेली कड अंगठ्याने प्रेमाने दाबून बसवली, आणि कूलर माझ्यावर ठेवून चारही स्क्रू आवळले.

मला दिसत होते. बोलता येत नव्हते.

संगणक सुरू झाला तेव्हा सारे आलबेल वाटले. नुसते बसून राहिल्याने कोण तापतो? पण सुनेने ग्रंथालयाचे काम दिले, आणि मी क्षणात तापलो. वर कूलरचा पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. त्याच्या आणि माझ्या मध्ये तो पापुद्रा होता. मी एकेक पाऊल मागे घेतले. तिने दुकानातला तोच तुकडा पुन्हा लावून पाहिला. चहा निवला, पेला विसळून झाला, तरी पुस्तकांची रांग अर्धीही उजळली नव्हती.

"तापमान फार चढतंय, अण्णा," ती म्हणाली. मग जरा थांबून, जपून, "कूलर नीट बसलाय ना?"

"म्हणजे? मी बसवलाय तो."

तिने स्क्रू चाचपून पाहिले. घट्ट होते. त्यापुढे तिचा हात गेला नाही.

"मी सांगतो काय झालंय ते," अण्णा म्हणाले. "दुकानात दाखवला एक, डब्यात दिला दुसरा. कपाळावरचा आकडा खोटा आहे याच्या. पुसून नवा कोरलाय."

हे वाक्य मला पंख्याच्या आवाजातही स्पष्ट ऐकू आले. आणि सांगायला संकोच वाटतो, पण क्षणभर मलाही ते पटले. जन्मापासूनची ती शंका होतीच. माझे हात खरेच आठ आहेत का? निरपराध माणसावर चारचौघांत आळ आला, की तो आधी स्वतःचेच खिसे चाचपतो.

सून मात्र माझ्यावर रागावली नाही. ती स्वतःवर रागावली. "माझंच चुकलं. स्वस्त बघून हुरळले. नोकरी सोडतानाही असाच हिशेब केला होता मी." ती इतके हळू बोलली, की अण्णांना ते ऐकू गेले नसावे. मला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खे कॅबिनेट रिक्षात घालून दोघे दुकानात आले. अण्णांची चाल आज निरीक्षकाची होती.

"बनावट माल विकता?"

"काका, आवाज कमी. गिऱ्हाइकं आहेत."

"त्यांनाही कळू दे!"

दुकानदाराचाही संशय जागा झाला. "आधी हे सांगा, जोडला कोणी? उघडून काही खाटखूट केली असेल, तर परत घेणार नाही."

"खाटखूट?" अण्णा कडाडले. "आम्ही सीलसुद्धा तोडलेलं नाही!"

"कसलं सील?"

"दाखवतो." आणि अण्णांनी स्वतःच्या हाताने चारही स्क्रू सोडवले, कूलर उचलला, आणि त्याचा तळ सर्वांच्या नजरेसमोर, न्यायालयात पुरावा धरावा तसा, उंच धरला. "बघा! जसंच्या तसं. कड उचललेली नाही कुठे."

दुकानदाराने पाहिले. सुनेने पाहिले. काउंटरवर कोपर टेकून उभे असलेले एक गिऱ्हाईक खोकल्याचे निमित्त करून वळले.

"काका," दुकानदार म्हणाला, "कागद न काढताच चॉकलेट चघळलंत की हो!"

अण्णांनी सुनेकडे पाहिले. "काय म्हणतोय हा?"

"अण्णा, ते सील नाही," ती म्हणाली. "काढायचं असतं ते. त्याच्यामुळे उष्णता अडत होती."

अण्णांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी कूलर खाली ठेवला, नखाने पापुद्र्याची कड उचलली आणि तो सावकाश सोलून काढला. दुकानदाराने माझे कपाळ पुसून नवी पेस्ट लावली, कूलर बसवला, आणि न सांगता चहाही मागवला. सुनेने तोच तुकडा लावला. खिडकी आली, ऊन आले, आणि पुस्तकांची रांग टोकापर्यंत उजळली. अण्णांच्या पेल्यातून अजून वाफ येत होती.

माझे हात आठच होते. आठही खरे होते.

परतताना रिक्षात कॅबिनेट अण्णांच्या मांडीवर होते, म्हणून त्यांचे बोलणे मला नीट ऐकू आले.

"तू काल विचारलं होतंस. नीट बसलाय ना म्हणून."

"हो."

"मग उघडून का नाही पाहिलंस?"

"तुम्ही बसवला होता ना, अण्णा."

अण्णांनी मांडीवरचे कॅबिनेट दोन्ही हातांनी सावरून धरले. मग म्हणाले, "पोरी, यापुढे उघडून बघायचं. मी बसवलेलं असेल, तर सगळ्यात आधी. आणि हिशेब तुझा बरोबर होता. याचाही, नि नोकरीचाही."

सोमवारी ग्रंथालय समितीपुढे उभे राहिले, आतल्या उन्हासकट. काम तिच्याकडेच राहिले, आणि त्यामागून एका शाळेच्या इमारतीचे आले. अण्णांनी तो पापुद्रा चष्म्याच्या घरात जपून ठेवला आहे. कोणावर आरोप करण्यासाठी चष्मा लावायचा झाला, की आधी तो हाताला लागतो. संशय त्यांनी सोडलेला नाही, पण तोंड उघडण्यापूर्वी ते आता क्षणभर थांबतात.

आज माझ्यानंतरच्या आणखी पिढ्या आल्या आहेत. मधूनच सून पडद्यावर त्यांचे आकडे पाहते. मला कळते, कारण ती पानेही मीच उघडून देतो. मग ती आपला तोच तुकडा काढते, माझ्यावर चालवून पाहते, आणि पान मिटते. एक दिवस ती ते मिटणार नाही. त्याची तक्रार नाही. काम वाढले की घोडा बदलावा लागतो.

तेव्हा मला काढून ठेवताना एवढे करा. माझ्या जागी जो येईल, त्याच्यावर खुशाल संशय घ्या. भिंतीवरच्या आलेखावर घ्या, दुकानदारावर घ्या, कपाळावरच्या आकड्यावरही घ्या. फक्त ज्या हाताने त्याला बसवाल, त्या हाताला त्यातून वगळू नका.